घागरीपाशी झालेला तह: नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई आणि रोजच्या जगण्यातील शांती

१.
इतिहासाच्या पुस्तकांत तहांना मोठे स्थान असते. पुरंदरचा तह १६६५ चा, सालबाईचा १७८२ चा, वसईचा १८०२ चा. किती किल्ले गेले, किती मुलूख सुटला, सह्या कोणाच्या, हे सारे पाठ होते. पण घराच्या उंबरठ्याच्या आत झालेल्या तहाची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडत नाही. हा धागा अशाच एका तहाविषयी आहे. काळ १८९५ ते १९००. पक्ष दोन: ख्रिस्ती झालेला पती आणि सोवळे सोडण्यास तयार नसलेली पत्नी. वादाचा मुद्दा मुलुखाचा नव्हता. मुद्दा होता पाण्याचा: कोणी भरलेले पाणी कोणी प्यावे.

२.
सुरुवात मात्र छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातून करावी लागेल. तेथील नाट्यगृहाला संत एकनाथांचे नाव आहे. नाटकाला जाणाऱ्या कित्येकांना ते नाव केवळ पत्त्यापुरते ठाऊक असते. पण येथून सुमारे ५० किलोमीटरवरच्या पैठणात १५३३ ते १५९९ या काळात होऊन गेलेल्या एकनाथांविषयी मराठी माणसाने ज्या कथा जपून ठेवल्या, त्यांतील बहुतेक पाण्याच्या आणि अन्नाच्याच आहेत. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली. श्राद्धाचे अन्न त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना वाढले. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे मूल त्यांनी कडेवर उचलून घेतले.

३.
या कथांचा ऐतिहासिक पुरावा किती, हा स्वतंत्र प्रश्न आहे. त्या शतकानुशतके का सांगितल्या गेल्या, हे अधिक महत्त्वाचे. समाजातील भांडण रणांगणावर क्वचित होते. पाणवठ्यावर आणि पंगतीत ते रोज होते, हे सांगणाऱ्यांना ठाऊक होते. एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवादही रचला. त्यात दोघे कडाडून भांडतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. त्यांच्यानंतर तीन शतकांनी, उस्मानपुऱ्यापासून सुमारे ११५ किलोमीटरवरच्या नगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, हाच प्रश्न एका घरात पुन्हा उभा राहिला. या वेळी त्याला ख्रिस्ती धर्माचा संदर्भ होता.

४.
नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लोकमान्य टिळक निराळे, हे आरंभीच सांगितलेले बरे. आई लहानपणीच गेली. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन झाले. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले गेले. वधूचे वय तेव्हा बारा वर्षांच्या आसपास होते. वराची वृत्ती भटकी, मन काव्यात गढलेले, आणि हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकण्याची सवय जुनी.

५.
लक्ष्मीबाईंचे माहेर समजून घेतल्याखेरीज पुढचा संघर्ष कळत नाही. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झाली. त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात येत नसे. मीठ आणि साखरही त्यातून सुटत नसे. पाण्यात घातलेल्या मिठाचे काय होणार, हे घरातील मुलांनाही समजत होते, परंतु बोलण्याची सोय नव्हती. विटाळाची भीती हा लक्ष्मीबाईंचा अशा रीतीने बालपणीचा पहिला धडा होता. पुढे ज्या भिंतीला त्यांना सामोरे जायचे होते, ती बाहेरच्या समाजात होतीच. पण तिचा पाया त्यांच्या स्वतःच्या मनात पक्का घातलेला होता.

६.
१८९३ मधील प्रसंग आहे. टिळक नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. काव्यावर बोलणे झाले, मग धर्मावर. त्या गृहस्थांनी त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही. पुस्तक मात्र वाचण्याचे त्यांनी कबूल केले. वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी येऊन थांबले. हेच येशूचे डोंगरावरील प्रवचन. जातिभेदाने हा देश खिळखिळा झाला आहे, असे त्यांचे मत आधीच झालेले होते. त्यावरचा उपाय त्यांना येथे दिसला.

७.
या प्रवचनात काय आहे, हे येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. येशू तेथे नुसत्या शांतताप्रिय माणसाची स्तुती करीत नाही. तो शांती घडवून आणणाऱ्याला धन्य म्हणतो. भांडणापासून दूर राहणे सोपे असते. भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये उभे राहणे कठीण. पुढे तो म्हणतो की, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, आधी भावाशी समेट करावा, मग देवाकडे यावे. म्हणजे पूजेहूनही समेट आधी. टिळकांनी हे वाचले तेव्हा, पुढे याच शिकवणीची परीक्षा आपल्याच घरात द्यावी लागेल, याची त्यांना पुरती कल्पना असेल असे वाटत नाही.

८.
जगात त्याच सुमारास हे तीन अध्याय आणखी काही माणसांना अस्वस्थ करीत होते. रशियात टॉलस्टॉय यांनी याच शिकवणीवर युद्धाला आणि हिंसेला नकार देणारे मोठे पुस्तक लिहिले. ते १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करताना तरुण मोहनदास गांधी यांनी हे प्रवचन वाचले होते. टॉलस्टॉय यांचे पुस्तक त्यांना दक्षिण आफ्रिकेत मिळाले. टॉलस्टॉय यांच्यापुढे झारचे साम्राज्य होते, गांधींच्यापुढे वर्णभेदाचे सरकार. टिळकांच्यापुढे त्यांची पत्नी होती, आणि तिच्या मागे तिचा सारा समाज.

९.
१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. या निर्णयात त्यांचा सल्ला घेतलेला नव्हता. हा मुद्दा टिळकांच्या चरित्रात पुष्कळदा एका ओळीत उरकला जातो, पण तो तसा उरकता येत नाही. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने पती ख्रिस्ती होणे म्हणजे पती जिवंत असताना संसार संपणे. ती विधवा नाही, परित्यक्ता नाही, सवाशीण म्हणून तिला कोणी बोलावणार नाही. लक्ष्मीबाई शोकाने आजारी पडल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहू लागल्या. त्यातील बराच काळ पंढरपुरात गेला.

१०.
समाजाचा धाक केवढा होता, याचे एक उदाहरण ताजे होते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. ही बातमी छापून आली आणि पुण्यात गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. महाराष्ट्रातील अग्रणी पुरुषांना ख्रिस्ती घरच्या एका पेल्यासाठी एवढा जाब द्यावा लागला. मग ख्रिस्ती पतीच्या घरी कायमचे राहायला जाणाऱ्या स्त्रीची काय गत होणार, हे लक्ष्मीबाईंना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

११.
आता कायद्याकडे पाहू. १८६६ च्या एका कायद्याने ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला विशेष मार्ग उपलब्ध होता. धर्मांतरामुळे पती किंवा पत्नी सहा महिने दूर राहिली, तर न्यायालयात जाता येई. न्यायालय वर्षभराची मुदत देई. तरीही नकार कायम राहिला तर विवाह रद्द होई आणि दोघांनाही पुनर्विवाह करता येई. दुसरीकडे पत्नीला नांदायला आणण्यासाठी पतीने खटला भरण्याची वाटही होती. १८८४ मध्ये सुरू झालेला रखमाबाईंचा खटला साऱ्या देशाने पाहिला होता. पतीकडे जा अथवा तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये लागला होता. पुढे १८८८ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले.

१२.
टिळकांच्यापुढे अशा रीतीने दोन दारे उघडी होती. बळाने पत्नीला आणणे, अथवा तिला कायद्याने मोकळे करून नवा संसार मांडणे. त्यांनी दोन्ही दारे वापरली नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. ज्याने न विचारता घर मोडले, त्याने ते बांधण्यासाठी मात्र दुसऱ्याच्या इच्छेची वाट पाहिली. पहिल्या कृतीचा दोष दुसरीने पुसला जातो, असे नाही. परंतु शांती घडविण्याच्या कामातील पहिली अट त्यांना उमगली होती, असे येथे दिसते: समोरच्या माणसाला त्याचा वेळ द्यावा लागतो.

१३.
लक्ष्मीबाईंच्या बाजूनेही ती वर्षे रिकामी नव्हती. लग्नानंतर थोडेफार लिहायला-वाचायला शिकलेल्या या स्त्रीने याच विरहाच्या काळात कविता रचायला आरंभ केला. पतीवरचा राग होता, ओढही होती. धर्म सोडायचा नाही, हा निश्चय होता. नवरा सोडायचा नाही, हाही होता. सभोवतालच्या माणसांच्या दृष्टीने या दोन गोष्टी एकत्र असणे अशक्य होते. ही अशक्य गोष्ट आपल्या मनात चार-पाच वर्षे सांभाळणे, हेच त्यांचे त्या काळातील मोठे काम. इतिहासात अशा कामाला नाव नसते.

१४.
अखेर त्या नगरला आल्या. अट स्पष्ट होती: राहणे पतीजवळ, पण चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे अबाधित. टिळकांनी अट मान्य केली. आपण ज्या धर्मासाठी घर सोडले, त्या धर्मात सोवळ्याला स्थान नाही, हे त्यांना ठाऊक होते. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत याविषयी काय बोलले जाईल, हेही ठाऊक होते. तरीही ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरात ब्राह्मणी सोवळ्याची चूल पेटली. एका छपराखाली दोन धर्म, दोन पाण्याची भांडी. तहाची पहिली कलमे अशी ठरली.

१५.
येथे नगरच्या ख्रिस्ती समाजाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. नगरचे केंद्र १८३१ चे. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच निघाले. या परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वेगळ्या पाण्याचा अर्थ केवळ ‘मी हिंदू, तुम्ही ख्रिस्ती’ एवढा नव्हता. शेजारच्या बाईला त्यातून रोज ऐकू येणारा अर्थ जुनाच होता: तुझ्या हाताने माझे पाणी बाटते. पतीने शांतीवर कितीही सुंदर भजने रचली, तरी दारातल्या घागरीपाशी युद्ध चालूच होते.

१६.
हे युद्ध कसे थांबले, ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सांगितले आहे. कोणाच्या प्रवचनाने ते थांबले नाही. त्या स्वतःशीच विचार करीत राहिल्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांच्या जातींसारखा फरक माणसांच्या शरीरात दिसला नसता काय? जन्म सर्वांचा सारखा, मरण सारखे. मग मधल्या काळातील हा भेद कोणी घातला? हा प्रश्न त्यांनी सोडला नाही, आणि उत्तर मिळाल्यावर ते टाळलेही नाही. आजपासून कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे, असा निश्चय त्यांनी केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, तो १९०० मध्ये राहुरीस झाला.

१७.
हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी पाणी, मग धर्मांतर. नवा धर्म घेतला म्हणून जात सोडली, असे घडले नाही. जात मनातून गेली आणि मग त्या धर्मात जाण्याला अर्थ आला. असे अनेकांच्या बाबतीत होत नसे. धर्म बदलूनही पंगत न बदललेली कुटुंबे भारतातल्या अनेक प्रांतांच्या ख्रिस्ती इतिहासात आढळतात. बाप्तिस्म्याचे पाणी कपाळावर एकदाच पडते. घागरीचे पाणी रोज भरावे लागते. लक्ष्मीबाईंनी कठीण भाग आधी उरकला.

१८.
तरीही या घटनेला तिच्या मापाहून मोठी करू नये. एका ब्राह्मण स्त्रीचे मन बदलणे आणि लक्षावधी माणसांना पाणवठ्याचा हक्क मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी प्राशन केले गेले. लक्ष्मीबाईंच्या निश्चयानंतर पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता, तरी ते पाणी संघर्षाशिवाय मिळाले नाही. मनाचा बदल हक्काची जागा घेऊ शकत नाही. पण हक्क मिळाल्यावरही शेजाऱ्याशी राहायचे कसे, हा प्रश्न उरतोच. तेथे घागरीपाशी झालेल्या तहाचा उपयोग होतो.

१९.
पुढील वर्षांत या घराची परीक्षा अनेकदा झाली. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने नगर जिल्हा होरपळला. पोरकी मुले रस्त्यावर आली. टिळक अशी मुले घरी आणीत. त्यांना खाऊ घालण्याचे, न्हाऊमाखू घालण्याचे काम लक्ष्मीबाईंचे. प्लेग आला तेव्हा साथीतील मुलींची शुश्रूषा करण्यास त्या पुढे झाल्या. ज्या घरात मीठ धुतले जात असे, त्या घरातील मुलगी आता परक्यांच्या मुलींचे आजारपण काढीत होती. आपण काही थोर करतो आहोत, असा आव त्यांच्या लेखनात कोठेही नाही. उलट त्या स्वतःच्या फजितीचे प्रसंग हसत सांगतात.

२०.
आणि शांतीचा उपदेश करणारे टिळक स्वतः कसे होते? ‘स्मृतिचित्रे’ हे पतीचे गुणगान नाही. टिळक तापट होते. लहरी होते. घरात पीठ आहे की नाही याची चौकशी न करता पाहुणे आणीत. हाती आलेले पैसे वाटेत कोणाला तरी देऊन मोकळे होत. दोघांची भांडणे होत आणि ती जोरदार होत. लक्ष्मीबाई हे सारे उघडपणे लिहितात. म्हणूनच या कथेवर विश्वास बसतो. ही दोन शांत माणसांची गोष्ट नाही. रोज भांडण होणाऱ्या घरात रोज समेट कसा होतो, याची ती गोष्ट आहे. त्या समेटाची बरीच किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, हेही तिच्या पानापानांवर दिसते.

२१.
या घराचे दार किती मोकळे होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे बालकवी. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. तेथे धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोराने आपली कविता ऐकविली आणि सारी सभा थक्क झाली. पुढे हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला आईची माया दिली. घर ख्रिस्ती, मुलगा हिंदू. दोन्ही धर्मांविषयी त्या घरात मोकळेपणाने बोलले जाई. ठोमरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या बालवृत्तीच्या, हट्टाच्या आणि निरागसतेच्या ज्या आठवणी आज वाचायला मिळतात, त्यांतील कित्येक एका ख्रिस्ती स्त्रीने लिहून ठेवलेल्या आहेत.

२२.
टिळकांच्या श्रद्धेचा हा स्वभावच होता. आपण ख्रिस्तापर्यंत संत तुकारामांच्या वाटेने पोहोचलो, असे ते सांगत. त्यांची अभंगवृत्तातील भजने महाराष्ट्रातील चर्चमध्ये आजही टाळ-मृदंगावर गाइली जातात. परकीय चालींवर मराठी शब्द बसविण्याऐवजी त्यांनी वारकऱ्यांच्या परंपरेतील छंदच प्रार्थनेला दिला. हेही एक शांतीचेच काम होते. धर्म बदलला म्हणून भाषा, देश आणि शेजारी बदलत नाहीत, हे त्यांनी गाऊन सिद्ध केले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन करताना देशप्रेमाचा आग्रह त्यांनी कधी सोडला नाही.

२३.
१९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले. ख्रिस्ती म्हणविणारी राष्ट्रे एकमेकांचे गळे कापू लागली. ते युद्ध चालू असतानाच, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची कल्पना मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. कित्येक चर्चधुरीणांना हे रुचणे कठीण होते. दरबार फार वाढला नाही, कारण टिळकांना वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले. ख्रिस्ती प्रार्थना आणि हिंदू समाजाचा अग्निसंस्कार एकाच चितेपाशी एकत्र आले.

२४.
ठिणगी मात्र पुढे गेली. नगर जिल्ह्यात काम करणारे इंग्रज धर्मोपदेशक जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. भारतीय आणि युरोपीय सभासदांनी एकत्र राहावे, जमिनीवर बसून एकच जेवण जेवावे, असा या आश्रमाचा रिवाज होता. पुढच्याच वर्षी विन्स्लो यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. पुढे पुण्यात स्थिरावलेल्या या संघात १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन आले, गांधीजींच्या सहवासाने बदलले आणि मध्य भारतातील गोंडांमध्ये राहायला गेले. सत्ताधारी वंशाचा माणूस पंगतीत खाली बसतो, तेव्हा काय घडू शकते, याचे हे एक उदाहरण.

२५.
टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्यांनी सुरुवातीचे ११ अध्याय लिहिले होते. जिला लग्नानंतर अक्षरओळख झाली, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहून ते पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. आत्मचरित्राचा उरलेला भाग पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला. ज्या पतीच्या धर्मांतराने एकेकाळी त्यांचे जग कोसळले होते, त्याचेच काव्य त्यांच्या हातून तडीस गेले. आणि तहाची सारी कलमे, चुलीच्या राखेसकट, त्यांच्यामुळेच आपल्यापर्यंत पोहोचली.

२६.
आता या तहाची कलमे एकत्र मांडता येतात. बळ वापरता येत असूनही वापरायचे नाही. समोरच्याला त्याचा वेळ द्यायचा, मग तो पाच वर्षांचा का असेना. मतभेद उघड ठेवून एका छपराखाली राहायचे. जो भेद आपल्याच मनात आहे, त्याची चौकशी स्वतः करायची. ती दुसऱ्याने करण्याची वाट पाहायची नाही. आणि समेट झाल्यावर त्याची परीक्षा पाण्याने, अन्नाने, आजाऱ्याच्या अंथरुणापाशी द्यायची. डोंगरावरील प्रवचनाचे मराठी भाष्य अनेक विद्वानांनी लिहिले आहे. नगर-राहुरीच्या एका घरात ते भाष्य लिहिण्याआधी जगून पाहिले गेले.

२७.
उस्मानपुऱ्यातील रंगमंदिरावर एकनाथांचे नाव आहे. ज्या शहरात मशिदी, मंदिरे, विहार, गुरुद्वारे आणि चर्च एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, तेथे ते शोभून दिसते. गाढवाला पाणी पाजणारे पैठणचे नाथ आणि घागरीचा विटाळ मनातून काढणाऱ्या लक्ष्मीबाई यांच्यामध्ये तीन शतके आहेत, दोन धर्म आहेत. दोघांपुढचा प्रश्न मात्र एकच होता, आणि दोघांनीही त्याचे उत्तर तहानलेल्याला अथवा शेजाऱ्याला समोर ठेवून दिले. ‘स्मृतिचित्रे’ आजही ग्रंथालयांत सहज मिळते. ज्यांनी ती वाचली नसतील, त्यांनी सोवळ्यात मीठ धुण्याच्या प्रसंगापासून आरंभ करावा. तेथून त्या घागरीपर्यंतचा प्रवास आपोआप होतो.

(धागा समाप्त)